बोर्डावर तर 'न्यूज'च लिहिलंय की!

सोयाबीन निघालं की आमच्या औसा-निलंगा पट्ट्यात टेनिस बॉलच्या टुर्नामेंट सुरू होतात. मी आर्टवर्क करतो. यंदा एका गावाचं काम आलं: मैदानातला २० बाय १० फुटांचा बोर्ड, जर्सीची पाठ आणि यूट्यूब लाइव्हमधली स्कोअरखालची पट्टी. मुख्य प्रायोजक कुठलीतरी 'स्पोर्ट्स न्यूज'. लोगोत नाव फूटभर, 'न्यूज' दोन इंच. घाई होती, रात्रीच प्रिव्ह्यू व्हॉट्सॲपला टाकला.

फाइल छपाईला सोडण्याआधी मी प्रत्येक क्यूआर स्कॅन करतो. इथं तीन होते, प्रायोजकाच्या तीन लिंकांवरून बनवलेले. तिन्ही एकाच व्हॉट्सॲप नंबरवर गेले, 'आयडी पाहिजे' हा मेसेज आयता टाईप झालेला. पुढचा कोड तेवढा वेगळा: बोर्डाचा एक, जर्सीचा एक, लाइव्हचा एक. कुठून किती गिऱ्हाईक आलं याचा चोख हिशेब. धावणाऱ्या पोराची पाठ कोण स्कॅन करणार, असं आधी वाटलं. पण टीमचे फोटो गावच्या ग्रुपवर फिरतात, तिथं होतं.

मग साइट उघडली. बातमीला बातमीदार नाही, संपादक नाही, पत्ता नाही, एक जाहिरातसुद्धा नाही. 'न्यूज'वर बोट ठेवलं की उरतं सट्ट्याच्या ॲपचं नाव, तोच रंग, तोच फॉन्ट. 'आयडी' म्हणजे त्या ॲपवरचं खातं. याच युक्तीवरून केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये टीव्ही चॅनेलना आणि वेबसाइटना बजावलं होतं. पैशांच्या खेळाच्या उघड जाहिरातीत पाचवा हिस्सा जागा इशाऱ्याला द्यायची, ही जाहिरात मानक परिषदेची २०२० ची अट होती. या बोर्डावर ४० चौरस फूट झाले असते. 'बातम्यां'ना कसला इशारा! ऑगस्ट २०२५ च्या कायद्यात तर अशा जाहिरातीला २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जाहिरात बनवायला हातभार लावणाराही त्यात येतो. म्हणजे मीही.

आयोजक पोरगा गावचाच. "दादा, बोर्डावर तर न्यूजच लिहिलंय की. ५१ हजार रोख देतंय, वर पोरं जोडली तर कमिशन."

"कमिशन कशावर?"

तो गप्प. या धंद्यात ते बहुतेक वेळा जोडलेला पोरगा जेवढं हरेल त्यावर असतं. त्याला माहीत होतं की नव्हतं, मला अजून ठरवता येत नाही. प्रायोजक काढ, बाकी बोर्ड फुकट करून देतो, म्हटलं. "बघतो दादा," म्हणाला.

रविवारी मैदानावर गेलो तर बोर्ड लागलेला. माझाच प्रिव्ह्यू दुसरीकडं ताणून छापलेला, अक्षरांच्या कडा फाटलेल्या. फ्लेक्सला घडी पडते, धूळ बसते, म्हणून मी क्यूआर कायम 'एच' लेव्हलचा बनवतो. साधारण ३० टक्के खराब झाला तरी वाचला जातो. आकारही हिशेबानेच: अंतर भागिले दहा, म्हणून २० फुटांसाठी २ फूट.

सीमारेषेवरून मोबाइल धरला. पहिल्या झटक्यात स्कॅन झाला.