फक्कीचं तारू, कडब्याचा सुक्का

तीन ते सहा वर्षांच्या लेकरांना तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथातली, गोष्ट सांगायची तर एका वेळी एकच घ्यावी, दहा मिनिटांत संपवावी, आणि गोष्टीतली एक तरी वस्तू त्यांच्या हातात द्यावी. मराठवाड्यात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नाही. पुण्याचं लाल देऊळ किंवा अलिबागचं मागेन अबोथ दर शनिवारी गाठता येण्यासारखं नाही. म्हणून इथल्या ज्यू घराला, किंवा ही परंपरा लेकरांना दाखवू पाहणाऱ्या बालवाडीला, सगळं घरच्या आणि शेतातल्या सामानातून उभं करावं लागतं. ते छान उभं राहतं. मात्र कोणती वस्तू बदलली तर चालते आणि कोणती बदलली की गोष्ट बिघडते, हे आधी ठरवावं.

सुरुवात महापुरातून वाचण्यासाठी तारू (मोठी नाव) बांधणाऱ्या नोहापासून करावी, कारण तारवाची मापं तोरातच दिली आहेत: लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. एक हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. मैदानावर एक-दशांश माप घ्या. ३० हात लांब, ५ हात रुंद, म्हणजे साडेतेरा मीटर बाय सव्वादोन मीटर. फक्कीने आखा आणि सगळ्या वर्गाला आत बसवा. लांबी आधी लेकरांच्या हाताने मोजू द्या. ती आठ-नऊ मीटरच भरते. मग बाईंनी आपल्या हाताने मोजावी. दोन रेघांमधलं अंतर पाहून पोरं आपणहून प्रश्न विचारू लागतात.

पक्ष्यांचा क्रम हमखास चुकतो. पाणी ओसरलं का ते पाहायला नोहाने आधी डोमकावळा सोडला, मग पारवा. पारवा एकदा तसाच परतला, सात दिवसांनी ऑलिव्हचं पान घेऊन आला, आणि आणखी सात दिवसांनी सोडल्यावर परत आलाच नाही. त्या पानाऐवजी कडुलिंबाचं पान देण्याचा मोह टाळा. हनुक्का या ज्यूंच्या दिव्यांच्या सणाच्या गोष्टीत हेच झाड तेल होऊन परत भेटतं. कडुलिंब दिला तर तो धागा तुटतो. चित्र दाखवलं तरी पुरे.

एक काळजी मात्र घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्या गावांत पुराचं पाणी शिरलं, तिथल्या लेकरांना बुडणाऱ्या जगाचं वर्णन करू नका. तारवाच्या आतून सांगा. कोण कुठे झोपलं, चारा कुणी घातला, आणि शेवटी इंद्रधनुष्य व पुन्हा असा पूर येणार नाही हे वचन. वचनापर्यंत पोचल्याशिवाय तास सोडू नका.

मराठवाड्यात खरी मजा सुक्क्याची, म्हणजे सणासाठी उभारलेल्या मांडवाची. इजिप्तमधून निघालेले इस्राएली लोक मांडवात राहिले, त्याची आठवण म्हणून ज्यू पंचांगातल्या तिश्री महिन्याच्या १५ तारखेपासून सात दिवस हा सण असतो. ती पौर्णिमा बऱ्याच वर्षी कोजागिरीचीच असते. २०२४ आणि २०२५ मध्ये पहिली संध्याकाळ अगदी कोजागिरीचीच होती. दोन्ही पंचांगांतले अधिक महिने जुळले नाहीत की एका महिन्याचा फरक पडतो.

छताचा नियम ठाम आहे: जमिनीत उगवलेलं आणि कापलेलं. कोकणात झावळ्या घालतात, इथे कडबा आणि तुराट्या तितक्याच योग्य. कणसं खुडलेली हवीत. चढवलेला जिवंत वेल चालत नाही, आणि चटई, सूप, दुरडी असलं वापरातलं सामानही नाही. भिंती तीन तरी हव्यात. जुन्या लुगड्यांच्या केल्या तर चारी बाजूंनी ताणून बांधा. वाऱ्याने फडफडणारी भिंत धरली जात नाही. आधी भिंती, मग छत.

दोन मीटर बाय दोन मीटरच्या सुक्क्याला कडब्याच्या आठ-दहा पेंढ्या पुरतात. आडवे बांबू टाकून ताटं विरळ पसरा. आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी, तरी रात्री चांदण्या दिसल्या पाहिजेत. दाट रचला की चांदण्या हरवतात आणि वजनाने बांबूही वाकतो. जागा मोकळ्या आभाळाखालची निवडा. लिंबाच्या झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडमध्ये केलेला सुक्का सुक्का ठरत नाही. परतीच्या पावसासाठी वर ताडपत्री टाकली, तर बसण्याआधी ती काढावीच लागते.

गंजीतला कडबा मागच्या रब्बीचा असतो, त्यात विंचू दडलेला असतो. पेंढ्या आदल्या दिवशी मोठ्यांनी सोडून, झटकून उन्हात टाकाव्यात. पानांची धार बोटं कापते, म्हणून लेकरांच्या हाती पानं सोललेली ताटंच द्या. आणि शेळ्या! रात्री दाराला काटी आडवी लावा.

शुक्रवार सोपा आहे. त्या संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावण्याची रीत आहे, म्हणून डिसेंबरात सहाच्या आत आणि जूनमध्ये सातच्या जरा आधी. पंख्याखाली ठेवू नका. शब्बाथ लागल्यावर विझलेली ज्योत पुन्हा पेटवता येत नाही. बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंच्या, घरांतलं काळ्या मनुकांचं सरबत लेकरांनीच करावं. एक वाटी मनुका धुऊन तीन वाट्या पाण्यात भिजवा, हाताने कुस्करा, फडक्यातून गाळा. उन्हाळ्यात रात्रभर बाहेर ठेवलं तर आंबतं, तेव्हा चार-पाच तासच भिजवा. चार वर्षांखालच्यांना अख्खी मनुका देऊ नका, घशात अडकते.

आशीर्वादाचा सराव घेताना देवाच्या नावाच्या जागी ‘हाशेम’ म्हणतात. ज्यू नसलेल्या लेकरांकडून आशीर्वाद म्हणवून घेऊ नका, त्यांना सण दाखवा. कागदाची तोरा करताना दोन लाटण्यांवर पट्टी गुंडाळा. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, म्हणून आरंभ उजव्या लाटण्यावर येतो. तिच्यावर देवाचं हिब्रू नाव लिहू नका. लिहिलं तर तो कागद कचऱ्यात टाकता येत नाही, जमिनीत पुरून ठेवावा लागतो.

गोष्टी मराठीतून सांगताना संकोच कशाला? बेने इस्राएलांनी १८७४ साली पुण्यात मराठी हग्गादा (इजिप्तमधल्या सुटकेच्या पेसाह सणाला वाचायची पोथी) छापली, तोरातल्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. मात्र अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर बांधल्याची गोष्ट आणि इजिप्तवर आलेल्या दहा संकटांतला दहावा आघात (थोरल्या मुलांचा मृत्यू) सहा वर्षांपर्यंत बाजूला ठेवा. बेडकांच्या आघातावर पोरं वर्गभर उड्या मारतात. त्या वयात पेसाहसाठी तेवढा आघात पुरेसा आहे.