पूलवाल्याचा नेम

"मॅडम, काळा गोल केवढा असतो?" नेमबाजीच्या रेंजवर शिकायला आल्यावर त्याचा हा पहिला प्रश्न. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या टार्गेटचा काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा, मी सांगितलं. त्याचा चेहरा खुलला. पूलचा, म्हणजे टेबलावरच्या बिलियर्ड्ससारख्या खेळाचा, बॉल साधारण ५७ मिलिमीटरचा. "म्हणजे आमचा बॉलच समोर टांगलाय!"

बारा वर्षं पूल खेळलेला मुलगा. हात कमालीचा स्थिर. आमच्या एका प्रशिक्षकांनी तासाभरातच त्याला 'जन्मजात नेमबाज' ठरवून टाकलं. ही घाई मला मुळीच आवडत नाही. पोरं त्या एका शब्दावर वर्षभर तरंगतात आणि मग खेळ सोडतात.

पहिले पाच छर्रे सगळे खाली डावीकडे, सहा-सात गुणांच्या रिंगणात. उजव्या हाताने ट्रिगर हिसकला की असंच होतं. पण हिसका का बसत होता? मी बाजूला उभी राहून त्याचे डोळे बघितले. ट्रिगरवर दाब वाढायला लागला की नजर फोरसाइट, म्हणजे नळीच्या टोकावरची खूण, सोडून टार्गेटकडे पळायची. पूलमध्ये तेच बरोबर. क्यू, म्हणजे खेळायची काठी, पुढे जाताना नजर ज्या बॉलला मारायचं त्यावर ठरलेली हवी. इथे नेमकं उलटं. नजर फोरसाइटवर, काळा गोल धूसर.

हे कुणाला पटत नाही, म्हणून मी दर वेळी कागदावर गणित मांडते. अख्खा हात सरळ एक मिलिमीटर सरकला तर छर्राही एकच मिलिमीटर सरकतो. पण पुढची फोरसाइट आणि मागची खाच या दोन साइट्समध्ये साधारण ३५ सेंटिमीटर अंतर असताना फोरसाइट मागच्या खाचेत एक मिलिमीटर खाली राहिली, तर दहा मीटरवर छर्रा २८ मिलिमीटर खाली लागतो. दहाची रिंग ११.५ मिलिमीटरची. म्हणजे थेट सातवर.

त्याला कोऱ्या पांढऱ्या कागदावर मारायला लावलं. बघायला काही नाही, तर नजर जाणार कुठे? तीन आठवड्यांत ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, रुपयाच्या नाण्याएवढा झाला.

मला खरं चकित केलं ते वेगळ्याच गोष्टीने. छर्रा सुटल्यावर तो हात खाली घ्यायचा नाही. क्षणभर तसाच थांबायचा आणि म्हणायचा, "गेला. साडेसात वाजता, आठ." म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दिशा आणि मग गुण. टार्गेट ओढून आणावं तर तसंच. दोन वर्षं शिकणाऱ्या माझ्या मुलांनाही हे जमत नाही. फटका मारल्यावर क्यू जागेवर ठेवून, कुठे चुकलं ते हातातूनच ओळखायची सवय त्याने टेबलावरून आणली होती.

मग एका रात्री त्याचा फोन. "मॅडम, टेबलावर नजर क्यूच्या टोकालाच चिकटतेय. सोपे बॉल पॉकेटच्या कडेला लागून परत येतायत." महिन्यावर त्याची स्पर्धा होती. पिस्तूल बंद कर, मी म्हटलं. तो गेला, अजून आलेला नाही. कोऱ्या कागदाचा हट्ट मी इतका धरायला नको होता का, हे रोज मनात येतं. नजर बदलायला लावताना ती तिकडेही बदलेल, हे मला आधी सुचायला हवं होतं.

त्याचं शेवटचं टार्गेट माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. प्रत्येक छर्ऱ्यानंतर, दुर्बिणीतून न बघता, तो आपल्या वहीतल्या गोलावर पेन्सिलीने फुली मारायचा. नंतर मी त्या फुल्या टार्गेटवर उतरवल्या. पाचपैकी चार भोकांना चिकटून. सोमवारपासून माझ्या मुलांच्या हातातही पेन्सिल दिलीय. त्यांच्या फुल्या अजून बोटभर लांब पडतात.