बेडं लावून घे

कोकणात वाढलेल्या माणसाच्या कानात काही वाक्यं कायमची बसलेली असतात. ‘पाय धुऊन आत ये’ हे एक, ‘तिन्हीसांजेचं झाडाखाली थांबू नको’ हे दुसरं, आणि ‘बेडं लावून घे’ हे तिसरं. यातलं तिसरं देशावरच्या मंडळींना सांगायला हवं. बेडं म्हणजे आगराचं फाटक. दोन बाजूंना भोकं पाडलेले खांब आणि त्यांत सरकवलेले आडवे बांबू. येणाऱ्याने बांबू सरकवायचे, आत यायचं आणि पुन्हा जागच्या जागी लावायचे. विसरलं की शेजारची गाय अळूत शिरलीच म्हणून समजा. मग दोन दिवस घरात दुसरा विषय नाही.

हे शिक्षण साठीनंतर वेल्समधल्या एका डोंगरावर माझ्या अंगाशी येईल असं वाटलं नव्हतं.

भाची स्वान्सीला असते. मे महिन्यात तिच्याकडे गेले होते. समुद्र पाहून झाला, बाजार पाहून झाला, मग ती म्हणाली, “मावशी, तुला रान दाखवते.” मी मनात म्हटलं, चिपळूणच्या बाईला रान काय दाखवतेस! पण बोलले नाही. पोळ्यांची गुंडाळी आणि लोणचं घेऊन आम्ही तिघी निघालो. ती, मी आणि तिची सात वर्षांची लेक.

या लेकीचं महत्त्व पुढे कळलं. वेल्समधल्या शाळांत सगळ्या मुलांना वेल्श शिकावंच लागतं, त्यामुळे गाडीतली एकमेव दुभाषी ती. रस्त्यावर पांढऱ्या रंगात ‘स्लो’ लिहिलेलं असतं आणि त्याच्या वर किंवा खाली ‘आरव’. चार अक्षरी शब्द, शेवटी एफ, पण वेल्शमध्ये त्या एफचा उच्चार ‘व’. अर्थ सावकाश. आमच्या पुण्याच्या सोसायटीत संध्याकाळी खाली उभं राहून ‘आरव’ अशी हाक मारली तर चार पोरं धावत येतील, आणि त्यांतलं एकही सावकाश येणार नाही.

दोन एल एकत्र आले की जो उच्चार होतो तो मात्र मला शेवटपर्यंत जमला नाही. जीभ ‘ल’ला लावायची आणि दोन्ही बाजूंनी वारा सोडायचा. मराठी माणसाला ‘ळ’ येतो याचा एक छुपा अहंकार असतो, तो त्या दिवशी उतरला. “आजी, तू फुंकर मारतेयस,” नात म्हणाली.

वाटेत लँडव्हरी नावाचं गाव लागलं. हे गुरं हाकणाऱ्यांचं गाव. रेल्वे येण्यापूर्वी वेल्सच्या डोंगरांतली काळी गुरं पायी चालवत पार लंडनच्या बाजारापर्यंत नेत. एवढ्या चालीला खूर टिकावेत म्हणून त्यांना लोखंडी नाल ठोकत, आपल्याकडे बैलांना पत्र्या मारतात तसेच, प्रत्येक खुराला दोन तुकडे. परतताना रोकड घेऊन यायचं म्हणजे जिवाला घोर. म्हणून १७९९ साली डेव्हिड जोन्स नावाच्या गुरं हाकणाऱ्यानेच इथे पेढी काढली आणि नोटेवर काळा बैल छापला. राजाचं तोंड छापण्यापेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं. शंभराहून जास्त वर्षांनी, १९०९ मध्ये, ती पेढी लॉइड्स बँकेच्या पोटात गेली.

लँडव्हरीच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो. दोन्ही बाजूंना गडगे. खरंच गडगे, चुना नाही, सिमेंट नाही, दगडावर दगड. आमच्याकडे जांभ्याचे असतात, इथे करडे, आणि त्यांच्यावर हिरवं मखमली शेवाळ. गडग्यांच्या आत मेंढ्या. बाहेरही मेंढ्या. वेल्समध्ये माणसं ३१ लाख आणि मेंढ्या ९० लाखांच्या आसपास, म्हणजे माणशी जवळजवळ तीन. आमच्या गाडीच्या वाट्याच्या नऊ तर एका वळणावरच भेटल्या. रस्त्याच्या मधोमध बसून रवंथ चालू होतं.

रानाचं नाव दीनास. दुभाष्या बाईंनी सांगितलं, दीनास म्हणजे शहर. आसपास एक छोटं पांढरं चर्च सोडलं तर शहराचं काही चिन्ह नाही. हा शब्द जुन्या काळी गडाला वापरत, असं भाचीने फोनवर शोधून सांगितलं. मग पटलं. समोर एक शंकूसारखी टेकडी, अंगभर ओकची झाडं, आणि तिला वळसा घालून जाणारी तवी नदी. वर आणखी थोडं गेलं की ब्रियान धरण. स्वान्सीच्या नळाला येतं ते पाणी या नदीचं. सकाळी ज्या पाण्याचा चहा घेतला त्याच्या माहेरी येऊन पोचलो होतो.

सुरुवातीला पाणथळ जागा, तिच्यावरून लाकडी फळ्यांची वाट. मग चढ, आणि ओक सुरू. ओक म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे चित्रातला भव्य, ऐसपैस वृक्ष होता. हे तसे नाहीत. वाकडेतिकडे, आखूड, एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेले. कारण या भागातली रानं शतकानुशतकं कामाला लावलेली होती. झाड मुळाशी तोडायचं, फुटवे येऊ द्यायचे, वीसेक वर्षांनी पुन्हा तोडायचे. साल कातडी कमावायला, लाकूड लोखंडाच्या भट्ट्यांसाठी कोळसा करायला. माणसाचा हात न लागलेलं अरण्य वगैरे मनात घेऊन आले होते, ते पहिल्या पाच मिनिटांत खोटं ठरलं. आमच्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, दरवर्षी खांडलेला ऐन असाच दिसतो. त्यामुळे मला उलट घरच्यासारखं वाटलं.

आणि मग ते दिसलं. एका फांदीवर करड्या-हिरव्या, कडांना चुण्या पडलेल्या झालरी. मी हात लावला, वास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, “दगडफूल!”

गोड्या मसाल्यातलं दगडफूल म्हणजे काय, हे आपल्यातल्या किती जणींना ठाऊक असतं कोण जाणे. वाण्याकडून पुडी येते, निवडायची, तेलावर परतायची, मग घरभर तो मातकट वास. ते फूल नाही, पानही नाही. बुरशी आणि शेवाळ यांचा भागीदारीतला संसार आहे तो. एकाने घर द्यायचं, दुसऱ्याने उन्हावर स्वयंपाक करायचा. हवा स्वच्छ लागते, ओल लागते, आणि झाड म्हातारं असलं तर उत्तम. वेल्सच्या पश्चिमेकडच्या ओकच्या रानांत हे तिन्ही आहे. अटलांटिकवरून ढग येतात ते इथे अडतात. म्हणून तर या रानांना वर्षावन म्हणतात. वर्षावन म्हटल्यावर मला माकडं आठवतात, इथे मेंढ्या. हे दगडफूल मसाल्यातल्याचं लांबचं चुलत भावंड असणार, डब्यात घालायला उपयोगाचं नाही. तरी दोन मिनिटं मी तिथेच उभी होते. भाचीने फोटो काढला. त्यात मी झाड हुंगताना दिसते.

खाली निळ्या फुलांचा सडा पडला होता. नात म्हणाली, यांना वेल्शमध्ये कुक्कूच्या घंटा म्हणतात. वर झाडांवर आकडे घातलेली लाकडी खोकी लावलेली. आफ्रिकेत हिवाळा काढून एक काळापांढरा माशीमार पक्षी इथे वीण घालायला येतो, त्याची ही भाड्याची घरं. आणखी एक पिवळसर चिमुकला पक्षी न दिसता गात होता. फरशीवर रुपया गरगर फिरवला की स्थिरावताना जसा वाजतो, थेट तसा.

आता गंमत अशी की या पक्ष्यांना रान कसं लागतं? तर खालून मोकळं. काट्याची जाळी माजली की ते जागा सोडतात. आणि खालून मोकळं कोण ठेवतं? मेंढ्या. पण याच मेंढ्या ओकची कोवळी रोपंही खुडून खातात. मी मुद्दाम शोधत गेले, त्या उतारावर म्हातारी झाडं पुष्कळ, पोर एकही नाही. वृद्धाश्रमच. मग कुंपण घालून मेंढ्या बाहेर ठेवाव्यात, तर काही वर्षांत काटेरी वेली आणि हॉलीची काटेरी पानांची झुडपं माजतात, खोडांवर सावली दाटते आणि दगडफुलं मरू लागतात. मेंढी आत तरी पंचाईत, बाहेर तरी पंचाईत. करायचं काय, तर थोडे दिवस आत घ्यायची, मग बाहेर काढायची. म्हणजे सगळा कारभार फाटकावर.

टेकडीच्या माथ्याजवळ टुम शोन काटीची गुहा आहे. सोळाव्या शतकातला हा वेल्सचा लाडका दरोडेखोर. खरं नाव टॉमस जोन्स. १५५९ मध्ये त्याला राणी एलिझाबेथकडून माफी मिळाली. पुढे काय केलं असेल? वंशावळी लिहिल्या! मोठमोठ्या घराण्यांची कुळं शोधून देणारा म्हणून नावाजला गेला आणि म्हातारपणी इथल्याच एका श्रीमंत विधवेशी लग्न केलं. कोणाच्या घरात काय आहे याची माहिती दोन्ही धंद्यांत उपयोगी पडते, हे खरं. गुहेची वाट म्हणजे नुसते धोंडे. माझ्या गुडघ्यांनी नकार दिला. मायलेकी वर गेल्या, मी खाली नदीचा आवाज ऐकत बसले.

वर एक घार फिरत होती. तांबूस, शेपटीला खोल खाच. भाची मघाशी गाडी थांबवून तिच्यासाठी वेडी झाली होती. मला कळेना, घार काय पाहायची? आपल्याकडे खाटकाच्या दुकानावर दहा असतात. पण ही तांबडी घार सगळ्या ब्रिटनमधून मारून संपवली होती, आणि गेल्या शतकाच्या सुरुवातीला उरल्या त्या जेमतेम काही जोड्या, याच तवीच्या आणि शेजारच्या खोऱ्यांत. १९०३ साली त्यांची घरटी राखायला काही लोकांनी समिती काढली. आज त्या वरच्यावर दिसतात. मी मान वर करून पुन्हा एकदा नीट पाहिली. माफी मागितली असंही म्हणा.

रानाबाहेर पडून आम्ही शेतांतल्या पायवाटेला लागलो. तिकडे खाजगी शेतातूनही लोकांच्या हक्काच्या पायवाटा जातात, पाटी असते, कोणी हटकत नाही. मात्र फाटकं किती! दर गडग्याला एक. कुणाला खिट्टी, कुणाला साखळी, कुणाला गवताचे गठ्ठे बांधायची निळी दोरी. मी सगळ्यांत मागे, म्हणून लावायचं काम माझं. अंगात भिनलेलं होतंच. एक फाटक मात्र सताड उघडं, गडग्याला टेकलेलं. कोण हा बेफिकीर, असं म्हणून मी ते ओढलं, खिट्टी घातली, वर दोरीही बांधली.

शंभर पावलं गेलो असू तोवर मागे आकांत. फाटकाच्या अलीकडे आठ-दहा कोकरं, पलीकडे त्यांच्या आया, आणि दोन्हीकडून ‘बें’. वरच्या बाजूने चार चाकांच्या फटफटीवर एक म्हातारे शेतकरी आले, मागे कुत्रा. त्यांनी आधी दोरी सोडली, माझी गाठ बघून जरा हसले आणि म्हणाले, “उघडं होतं ना? मग उघडंच ठेवायचं. जसं असेल तसं.” सकाळीच त्यांनी ते उघडलं होतं. खालच्या कुरणातल्या मेंढ्यांनी आपल्या सवडीने, पिल्लांना घेऊन, वर जावं म्हणून. वर म्हणजे फ्रीद. कुरण संपल्यावर आणि उघडा डोंगर लागण्याआधी जी उताराची जमीन असते ती, आमच्याकडे वरकस म्हणतात तशी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाची माफी मागू लागली. पण ते गडी बोलके निघाले. नातीशी वेल्शमध्ये बोलले, आमच्याशी इंग्रजीत, आणि कुत्र्याशीही इंग्रजीतच. हे मला फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडेही घरात शुद्ध मराठी बोलणारी माणसं कुत्र्याला ‘सिट’ आणि ‘कम’च म्हणतात.

वर डोंगराला कुंपण नाही, मग मेंढ्या हरवत नाहीत? मी विचारलं. ते म्हणाले, “कनेव्हिन.” नातीला हा शब्द शाळेत शिकवलेला होता, पण अर्थ सांगता येईना. “म्हणजे... आपली जागा. पण नुसती जागा नाही.” मेंढी आईच्या मागून हिंडत हिंडत डोंगराचा आपला तुकडा शिकते. ओहोळ कुठे, वाऱ्याला आडोसा कुठे, आपलं कुठवर. पुढे आपल्या कोकराला शिकवते. शेत विकलं तरी कळप डोंगरासकट विकला जातो, कारण नव्या मेंढ्यांना ते कोण शिकवणार? २००१ साली लाळ्या-खुरकुताच्या साथीत ब्रेकनच्या डोंगरांवरचे असे कळप मारावे लागले. मेंढ्या पुन्हा विकत घेता आल्या, माहिती नाही आली.

मला एकच मराठी शब्द सुचला, वावर. देशावर वावर म्हणजे शेत. बाकीच्यांना वावर म्हणजे हिंडणं-फिरणं, असणं. मेंढीला दोन्ही अर्थ एकच.

लोकर काय भावाने जाते, हेही मी विचारलं. त्यांनी फक्त हात झाडले. भादरणाराची मजुरी लोकरीतून सुटत नाही. तरी भादरावी तर लागतेच, नाहीतर उन्हाळ्यात किडे पडतात. पूर्वी भादरायच्या दिवशी खोऱ्यातली सगळी घरं एकेकाच्या अंगणात गोळा होत, काम आणि जेवण दोन्ही. इरजिकच की! आता कंत्राटावर पोरं येतात, यंत्राने दोन-तीन मिनिटांत एक मेंढी उरकतात आणि चहा पिऊन पुढच्या शेतावर जातात.

आम्ही निघालो. पाऊस भुरभुरायला लागला होता. गाडीपाशी पोचायला शेवटचं एक फाटक उरलं. ते ना धड उघडं, ना धड बंद. वाऱ्याने हलत, खिट्टीपासून वीतभर लांब. मी नातीकडे पाहिलं, नातीने आईकडे. आम्ही सकाळी आलो ती वाट ही नव्हती, त्यामुळे ते ‘जसं होतं तसं’ म्हणजे कसं होतं, हे कोणालाच सांगता येईना. पलीकडे एक मेंढी उभी होती. तिलाही विचारून पाहिलं.

भाची गाडीतून हॉर्न वाजवेपर्यंत मी तिथेच एका हाताने फाटक धरून उभी होते, वीतभर उघडं.