शाळेच्या समितीत तुम्ही नेमकं करता काय?

‘ताई, त्या शाळेच्या समितीत तुम्ही नेमकं करता तरी काय?’ हा प्रश्न मला गिरणीत दळण ठेवताना विचारतात, लग्नाच्या पंगतीत विचारतात, एकीने तर ब्लाउजचं माप देता देता विचारला. त्याच्या पोटात आणखी दोन प्रश्न असतात. यात काही मिळतं का, आणि मिळत नसेल तर ही बाई त्यात पडली कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंतची. गावातली म्हातारी माणसं तिला अजून बोर्डाची शाळा म्हणतात. मी तिच्या शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. ही समिती कुणा साहेबाच्या मर्जीवर चालत नाही, ती कायद्याने आलेली आहे. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला, त्याच्या कलम 21 मध्ये ती आहे. तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत, एकूण सदस्यांत निम्म्या बायका असल्या पाहिजेत आणि वंचित, दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळाली पाहिजे. आपल्या राज्यात 12 ते 16 सदस्य असतात. पालक सदस्य पालकसभेतून निवडतात, ग्रामपंचायतीचा एक सदस्य असतो, एक शिक्षक असतो, गावातला एखादा शिक्षणातला जाणकार असतो. मुख्याध्यापक सदस्य सचिव. अध्यक्ष मात्र पालकच लागतो. बैठक महिन्यातून एकदा.

कागदावर कामं भरपूर आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणं, आलेल्या अनुदानाचा खर्च बघणं, शाळा विकास आराखडा करणं. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी समिती म्हणजे सही. ‘ताई, प्रोसिडिंगवर तेवढी सही राहिलीय,’ असं म्हणत एखादं पोरगं बैठकीच्या इतिवृत्ताची वही घेऊन घरी येतं, चुलीपुढे बसल्या बसल्या सही होते आणि महिन्याची बैठक पार पडते. बाईची जागा असेल तर पुष्कळदा तेवढीही तसदी तिला पडत नाही, नवराच सही ठोकतो. निम्म्या जागा बायकांच्या करणाऱ्या कायद्याने ही वाट बंद करायला हवी होती असं मला फार वाटतं, पण सही कुणी केली हे वही सांगत नाही.

म्हणून माझं पहिलं उत्तर हे, की मी प्रोसिडिंग वाचते. हसू नका. समितीची जी काही ताकद आहे ती त्या वहीत आहे. बैठकीत तुम्ही तासभर भांडा, टेबल बडवा. वहीत ‘सविस्तर चर्चा करण्यात आली’ एवढं एक वाक्य उतरलं की सगळं पाण्यात. आणि ‘खर्चास कार्योत्तर मंजुरी देण्यात आली’ हे वाक्य दिसलं की समजायचं, पैसे कधीच खर्च झालेत, आता आपल्याला फक्त मान हलवायचीय. प्रत्येक कार्योत्तर मंजुरीत काळंबेरं असतं असं मी म्हणत नाही. पावसात पत्रा उडाला तर मुख्याध्यापकांनी बैठकीची वाट बघायची का? पण महिनोन् महिने सगळाच खर्च कार्योत्तर असेल तर ती समिती आधी बसलेलीच नाही.

एक उदाहरण देते. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशोबाने 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे चौथीपर्यंतच्या लहान शाळेत चार वर्ग आणि दोन माणसं. त्यातलं एक पद रिकामं झालं. उरलेल्या गुरुजींना मतदार यादीचं काम लागलं, आणि ते त्यांना टाळता येत नाही. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक ही तीन कामं कायद्यानेच शिक्षकांच्या गळ्यात ठेवली आहेत. बैठकीत सगळे बोलले, चिडले. शेवटी वहीत ओळ आली: ‘शिक्षकाच्या रिक्त पदाबाबत चर्चा झाली.’ मी म्हटलं, गुरुजी, ही ओळ काढू नका, पण तिच्याखाली ठराव लिहा. मंजूर पदे 2, कार्यरत 1, रिक्त 1. शाळेस शिक्षक मिळणेबाबत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्यायचे ठरले. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. पत्र कोण नेणार तेही लिहा.

ते पत्र मी आणि दुसरी एक सदस्य पंचायत समितीत घेऊन गेलो. तिथे टपाल स्वीकारणाऱ्याला सांगून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतला. ‘ठेवून जा’ म्हणतात, तिथे ठेवून यायचं नसतं. पोच नसलेलं पत्र आणि न लिहिलेलं पत्र यांत सरकारदरबारी काही फरक नाही. पुढे जाताना तो आवक क्रमांक सांगितला की खुर्चीतला माणूस निदान रजिस्टर उघडतो. शेवटी शिक्षक आले, पण कामगिरीवर, शेजारच्या शाळेतून, आठवड्यातले तीन दिवस. म्हणजे आमचं भागलं आणि शेजारच्या वाडीचं अडलं. त्या वाडीच्या समितीनेही मग ठराव केला असेल तर तो योग्यच होता.

आता पैशाचं. हे कुणाला ठाऊक नसतं म्हणून जरा थांबते. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला वर्षाला संयुक्त अनुदान मिळतं आणि ते पटावर, म्हणजे शाळेत नाव असलेल्या मुलांच्या संख्येवर, ठरतं. 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 31 ते 100 ला 25 हजार, 101 ते 250 ला 50 हजार. खडू, डस्टर, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, नळाची तोटी, सगळं त्यात, आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर. एका मुलाने पट 31 वरून 30 वर आला की 15 हजार गेले. मुकादमाबरोबर ऊसतोडीला गेलेल्या घरातलं लेकरू, आजोळी राहायला गेलेली मुलगी, आधारवर नाव चुकलेला मुलगा, ही सगळी त्या हिशोबात येतात. आधारचं तर विचारूच नका. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेला आधार जुळलेलीच मुलं धरायची अशी पद्धत आली, तेव्हापासून वर्गात बसलेलं, खिचडी खाणारं, पाढे म्हणणारं पोरगं कागदावर नसू शकतं. आमच्या समितीने यात केलेलं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे अशा मुलांच्या आईबापांना तालुक्याच्या आधार केंद्रावर नेणं. त्याला ठराव लागला नाही, कुणाची तरी गाडी लागली.

पट घसरत गेला की पुढचं सांगायला नको. 2023 मध्ये समूह शाळांची, म्हणजे लहान शाळा एकत्र करायची, योजना निघाली तेव्हा 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात 14 हजारांहून जास्त निघाल्या. पहिली ते पाचवीला शाळा एक किलोमीटरच्या आत हवी असा नियम आहे, पण ओढ्याला पूर आल्यावर एक किलोमीटर किती लांब असतं ते नकाशात दिसत नाही.

गणवेशाची गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची, कारण मी शिवणकाम करते. अध्यक्ष झाल्यावर पहिल्याच बैठकीत लिहून घेतलं की गणवेशाचं काम माझ्या घरी येणार नाही. गणवेशाचे पैसे एका मुलाला दोन जोडांचे 600 रुपये, म्हणजे जोडाला 300. पूर्वी ते सगळ्या मुलींना आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व दारिद्र्यरेषेखालच्या मुलांना मिळायचे. म्हणजे एकाच बाकावर एक नवा शर्ट आणि एक थोरल्या भावाचा जुना. 2023 पासून राज्याने उरलेल्या मुलांचाही खर्च उचलला, हे फार चांगलं झालं. पण पुढच्याच वर्षी ‘एक राज्य, एक गणवेश’ म्हणून सगळी खरेदी वरून झाली. राज्यभरातून एकच ओरड: कपडे उशिरा आले, मापं जमेनात. जमतील कशी? पहिलीचं पोर म्हणजे काही एक माप नव्हे. त्याच वर्गात एक काडीसारखा असतो आणि एकाच्या पोटावर बटण लागत नाही. शिवाय जूनमध्ये शिवलेली चड्डी दिवाळीनंतर वर चढते, म्हणून गावचा शिंपी खालच्या दुमडीत दोन बोटं माया, म्हणजे जादा कापड, ठेवतो, शिवणीतही ठेवतो. मुंबईहून निघालेल्या शर्टात ती माया कोण ठेवणार? डिसेंबर 2024 मध्ये शासनाने तो निर्णय फिरवला आणि गणवेशाचं काम पुन्हा समितीकडे दिलं. यंदा आमच्या पोरांना ओळीने उभं करून मापं घेतली, ती वहीत लिहिली आणि शेजारच्या गावच्या दोघी जणींना काम दिलं. 300 रुपयांत कापड, बटणं आणि शिलाई बसवायची म्हणजे त्यांच्या हाती काय राहतं, ते मला विचारा. कमीच राहतं.

अंड्याचंही असंच. 2023 च्या अखेरीस पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू झालं. पोरं त्या दिवशी दांडी मारायची नाहीत. जानेवारी 2025 मध्ये शासनाने त्याचे पैसे थांबवले आणि सांगितलं की द्यायचं असेल तर समितीने लोकसहभागातून द्यावं. हा मला शुद्ध चलाखीचा प्रकार वाटतो. अंडं बंद केलं असं कुणी म्हणायचं नाही, आणि वर्गणी मागत दारोदार कुणी फिरायचं, तर आम्ही. ज्या गावात दूध संघ आहे, पतसंस्था आहे, तिथे अंडं मिळेल. ज्या वाडीला त्याची खरी गरज आहे, तिथे वर्गणी देणार कोण? आमच्याकडे कुणाच्या वाढदिवसाला, कुणाच्या वर्षश्राद्धाला अंडी येतात. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना महिन्याला 2,500 रुपये मानधन आहे, आणि वर्गणीची अंडी सोलायचं कामही त्यांच्याच वाट्याला.

तुम्ही म्हणाल, वर जिल्हा परिषद आहे की. आहे ना. तिची स्वतःची शिक्षण समिती आहे, सभापती आहेत. पण मार्च 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका अडकल्या आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होते. त्या काळात जिल्हा परिषद सदस्य नाही, पंचायत समिती सदस्य नाही. शाळेच्या छपराच्या कौलांबद्दल ओरडायला मतं मागून गेलेला माणूसच वर नव्हता. केंद्रप्रमुख, विस्तार अधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, सगळी उतरंड नेमलेल्यांची. त्या उतरंडीत पालकांनी निवडून दिलेली जागा एकच उरली होती, आमची. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ठराव लिहून पोच घेणं ही हौस नाही, तेवढंच हातात आहे.

समित्यांचा सुकाळ मात्र होता. पोषण आहाराची वेगळी, माता-पालकांची वेगळी, तंबाखू नियंत्रणाची वेगळी. माणसं तीच, वह्या वेगळ्या. एप्रिल 2025 मध्ये शासनाने यातल्या बऱ्याचशा शाळा व्यवस्थापन समितीतच विलीन केल्या. गुरुजींनी सुटकेचा श्वास टाकला, मी पण टाकला.

पैसे मिळतात का, हे राहिलंच. मानधन नाही, भत्ता नाही. पंचायत समितीत गेलं तर एसटीचं तिकीट आपलं. बैठकीत चहा असतो, तोही गुरुजींच्या खिशातून, कारण अनुदानात चहा बसत नाही.

माझी धाकटी यंदा चौथीत आहे. ती पाचवीला हायस्कूलला गेली की मी या शाळेची पालक राहत नाही, सदस्यत्व आपोआप संपतं. तात्या, तुमचा नातू आत्ताच पहिलीत आलाय आणि हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा तुम्हीच विचारलाय. पुढच्या पालकसभेला सूनबाईंना पाठवा. त्या बारावी झालेल्या आहेत, अक्षर चांगलं आहे, आणि किराणावाल्याचं बिल त्या कशा तपासतात ते मी पाहिलंय. फक्त त्यांच्या जागी तुम्ही येऊ नका.