सारागढी डायोरामा, १:७२ : तट उभा राहिला, पगड्यांचा रंग ठरला

सारागढीच्या लढाईचा डायोरामा, म्हणजे देखाव्याचं छोटं मॉडेल, मी करतोय. चौकीच्या भिंती उभ्या राहिल्या, मनोरा बसला, आणि आतल्या एकवीस शिपायांपैकी बहुतेकांच्या वर्दीवर आता फक्त शेवटचा वॉश (पातळ रंगाचा हात) राहिला आहे. या टप्प्यावर सविस्तर लिहितोय, कारण या कामात ब्रश उचलण्याआधी दर वेळी एक गोष्ट ठरवावी लागली: या लढाईबद्दल आपण जे ऐकत आलो, त्यातल्या कशाला आधार आहे? डायोरामात ‘असं म्हणतात’ दाखवता येत नाही. पगडीला काहीतरी रंग द्यावाच लागतो, भिंत कुठेतरी पाडावीच लागते.

प्रसंग बहुतेकांना ठाऊक आहे, तरी थोडक्यात सांगतो. १२ सप्टेंबर १८९७, रविवार. जागा समाना डोंगररांग, आजच्या पाकिस्तानातल्या खैबर पख्तूनख्वा प्रांतात. १८९१च्या मिरानझई मोहिमांनंतर इंग्रजांनी या धारेवर किल्ले बांधले. त्यांतले दोन महत्त्वाचे, लॉकहार्ट आणि गुलिस्तान. दोहोंत अंतर काही मैलांचंच, पण डोंगराच्या चढउतारामुळे एकाला दुसरा दिसत नाही. म्हणून मधल्या उंचवट्यावर सारागढी, इकडचा निरोप तिकडे पोचवण्यासाठी. १८९७च्या उन्हाळ्यात सरहद्द पेटलेलीच होती. जुलैत मलाकंडवर हल्ला झाला, ऑगस्टमध्ये खैबर खिंडीतली ठाणी पडली. ३ आणि ९ सप्टेंबरला गुलिस्तानवर चालून आलेल्या ओरकझाई-आफ्रिदी टोळ्या मागे हटवल्या गेल्या. मदतीला गेलेल्या तुकडीने लॉकहार्टला परतताना सारागढीची शिबंदी वाढवली, आणि ३६व्या शीख पलटणीचे एकवीस जण तिथे झाले. प्रमुख हवालदार ईशरसिंग. १२ तारखेला टोळ्या सारागढीवरच चालून आल्या, आणि एकवीसही जण लढत पडले.

पहिली गाठ सुटली ती चौकीच्या आकाराची. आपण सारागढीला सहज ‘किल्ला’ म्हणून जातो, आणि मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे लगेच बुरूज, दरवाजे, माची उभी राहते. प्रत्यक्षात ते एक छोटं दगडी ठाणं होतं: राहायची खोली, भोवती जंग्या (गोळ्या झाडायची भोकं) ठेवलेला तट, आणि निरोप पाठवायचा मनोरा. माझ्या पहिल्या आराखड्यातला तट मी दोनदा आत ओढला. एकवीस माणसं एका तटावर उभी केली की कळतं, तट लांब असेल तर प्रत्येकाच्या मधे इतकी मोकळी जागा राहते की बचाव अशक्यच वाटतो. आकार आवळला, आणि सकाळी नऊच्या सुमारापासून दुपारी साडेतीनच्या आसपासपर्यंत ही माणसं कशी टिकली असतील याचा अंदाज येऊ लागला. एक्सपीएस फोमच्या (थर्मोकोलसारख्या पण घट्ट) पट्ट्यांवर प्लास्टरचे बारीक तुकडे एकेक करून चिकटवले आहेत. कोरीव, घडीव दगड कुठेही नाही. डोंगरावर हाताशी आलेल्या दगडांचं बांधकाम वाटावं, म्हणून सांधे मुद्दाम वेडेवाकडे ठेवले.

आता पगड्या. २०१९ सालच्या हिंदी चित्रपटानंतर सारागढी म्हटलं की केशरी पगडी डोळ्यांपुढे येते, आणि अनेक मॉडेलकारांनी तीच रंगवली आहे. पण ३६वी शीख पलटण सरहद्दीवर खाकीत लढली. अंगावर खाकी, डोक्यावर खाकी पगडी, पायाला पट्ट्या, चामड्याचे पट्टे तपकिरी. लाल कोट कवायतीसाठी. मी खाकीच दिली आहे, आणि एकाच छटेची नाही. धुऊन धुऊन पांढुरकी झालेली, मळलेली, नवी, अशा चार-पाच छटा फिरवल्या. काही मित्रांना ती निस्तेज वाटते. मला उलट वाटतं. खाकीत ही माणसं जी होती तीच दिसतात: पगारावर असलेले, आपली पाळी आली म्हणून त्या दिवशी त्या टेकाडावर असलेले शिपाई. त्यांनी जे केलं त्याचं वजन वाढवायला केशरी रंगाची गरज नाही.

ईशरसिंगांच्या हातात तलवार नाही, याच कारणाने. सगळ्यांकडे मार्टिनी-हेन्री रायफल आहे. खालचा दांडा ओढायचा, एक काडतूस घालायचं, झाडायचं, पुन्हा तेच. काळ्या दारूची काडतुसं, त्यामुळे काही फैरींतच तटावर धूर साचणार. तो दाखवायला कापूस अगदी विरळ ओढून जंग्यांपुढे बसवला आहे. हे सगळ्यांनी करून पाहावं असं सांगेन, कारण धूर आला की आतल्या माणसांना बाहेरचं किती कमी दिसत होतं हे एकदम लक्षात येतं, आणि पुढे भिंत कशी पडली याचं उत्तरही त्यातच आहे.

भिंतीबद्दल माझा सर्वांत जास्त वेळ गेला. लोकप्रिय कथेत दरवाजा फुटतो आणि लोंढा आत येतो. दरवाजावर धडका झाल्या हे खरं, पण त्या परतवल्या गेल्या. चौकी पडली ती कोपऱ्यातल्या खिंडारामुळे. तटाच्या एका कोपऱ्याशी अशी जागा होती जिथे वरून मारा पोचत नव्हता. दोघे जण तिथवर सरकले आणि बुडातले दगड उकरू लागले. सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट म्हणजे हे गुलिस्तानवरून दिसत होतं. तिथले प्रमुख मेजर डे व्हू यांनी सारागढीला इशारा द्यायचा प्रयत्न केला, पण आतल्यांच्या ते लक्षात आलं नाही. हल्लेखोरांनी झुडपं पेटवून धूरही केला होता. शेवटी भिंतीचा तुकडा ढासळला आणि खिंडारातून माणसं आत आली. मी कोपरा सुटा बनवला आहे, म्हणजे उघडता येतो. बुडाशी दोन आकृत्या पालथ्या पडून दगड काढताहेत. वरून बघितलं तर त्या दिसत नाहीत, बाजूला जाऊन वाकावं लागतं.

मनोऱ्यावर निरोप पाठवणारे शिपाई गुरमुखसिंग, हेलिओग्राफ (सूर्यप्रकाशाने निरोप पाठवायचं यंत्र) घेऊन. हे यंत्र हेन्री मान्स यांनी कराचीकडे तारखात्यात असताना तयार केलं: पाच इंची आरसा, तिपाई, आणि आरसा किंचित हलवून मोर्सचे लांब-आखूड झोत. १:७२मध्ये पाच इंच म्हणजे दोन मिलिमीटरही नाही. कशिद्याच्या चमकीतून गोल पंच करून तो बसवला, तिपाई पितळी तारेची. शेजारी दुसरा आरसाही दिला आहे, कारण सूर्य पाठीमागे गेला की प्रकाश दुसऱ्या आरशावरून वळवून घ्यावा लागतो, आणि ही लढाई सकाळपासून दुपार उलटेपर्यंत चालली. एरवी या कामाला एकाहून जास्त माणसं लागतात: कोणी समोरचे झोत वाचायला, कोणी लिहून घ्यायला, कोणी पाठवायला. इथे एकटे गुरमुखसिंग.

आणि इथेच या लढाईच्या खऱ्याखोट्याची मेख आहे. सारागढीतून कोणीही जिवंत परतलं नाही. तरी आपल्याला शिपाई भगवानसिंग आधी पडले, नाईक लालसिंग जखमी झाले, दरवाजावरची धडक परतवली, हे सगळं ठाऊक आहे, कारण ते आरशावरून लॉकहार्टला पोचत होतं आणि तिथे पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल जॉन हॉटन ते घेत होते. मदत पाठवायचा प्रयत्न झाला, पण मधे टोळ्या पसरलेल्या होत्या. शेवटी गुरमुखसिंगांनी यंत्र उतरवून रायफल घ्यायची परवानगी मागितली, ती मिळाली, आणि आरसा चामड्याच्या पिशवीत गेला. तिथपर्यंतचा भाग मी निःशंक मानतो. त्यानंतरचं जे काही आहे ते दुरून दिसलेलं, हल्लेखोरांच्या तोंडून पुढे कळलेलं, किंवा नंतर कोणीतरी भरलेलं.

उदाहरण द्यायचं तर शेवटच्या माणसाचं. आज सर्वत्र सांगितलं जातं की गुरमुखसिंग शेवटी एकटे उरले आणि वीस जणांना मारून आगीत गेले. लढाईनंतर लवकरच छापल्या गेलेल्या इंग्रजी वर्णनांत हा पराक्रम पहारेकऱ्यांच्या खोलीत दार लावून लढलेल्या एका शिपायाचा आहे, आणि त्याला नाव दिलेलं नाही. वीस हा आकडाही शत्रूच्या सांगण्यावरून आलेला. हळूहळू ज्या माणसाचं नाव सर्वांना माहीत होतं त्याच्या खात्यावर ती गोष्ट जमा झाली, असं मला वाटतं. गुरमुखसिंगांचं काहीच यात कमी होत नाही. पण खोलीतल्या त्या अनामिक शिपायाची जागा मात्र जाते, म्हणून मी शेवटची झुंज बनवायची नाही असं ठरवलं. माझ्या मॉडेलमधला क्षण आरसा अजून चालू असतानाचा आहे: खिंडार नुकतंच पडलंय, दोघे तिकडे धावताहेत, गुरमुखसिंग मनोऱ्यावरच आहेत.

आकडे पटकन सांगतो. हल्लेखोर दहा हजार हा अंदाज त्यांच्या निशाणांवरून केलेला, मोजणी नव्हे. प्रचंड जमाव होता यात शंका नाही, नेमका आकडा मात्र कोणी छातीठोक सांगू नये. त्यांचे सुमारे १८० मेले असं त्यांनी नंतर मान्य केलं. ६०० प्रेतं दिसल्याचंही सांगतात, पण १४ सप्टेंबरला ती जागा तोफांच्या माऱ्याने परत घेतली गेली, तेव्हा त्यातली किती एकवीस जणांच्या रायफलींची हे वेगळं काढता येत नाही. चौकीत एकवीसच माणसं होती हेही अपुरं आहे. दाद नावाचा एक बिगरलढाऊ सेवकही त्यांच्याबरोबर होता असं सांगितलं जातं. त्याची आकृती मी घेतली आहे, पाण्याच्या पखालीजवळ. आणि हल्ला अफगाण अमिराच्या फौजेचा नव्हता. ओरकझाई आणि आफ्रिदी टोळ्या होत्या त्या, ज्यांच्या डोंगरावर हे किल्ले बांधले गेले होते.

युनेस्कोच्या आठ शौर्यगाथांच्या यादीत सारागढी आहे, हा संदेश दर सप्टेंबरला फिरतो. युनेस्को लढायांची अशी कुठलीही यादी ठेवत नाही. ब्रिटिश संसदेने बातमी ऐकताच उभं राहून मानवंदना दिली हेही तसंच. त्या सप्टेंबरात संसदेचं अधिवेशनच चालू नव्हतं. खरा सन्मान पुरेसा मोठा आहे: एकवीसही जणांना इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, तेव्हा हिंदी शिपायाला मिळू शकणारा शौर्याचा सर्वोच्च किताब. व्हिक्टोरिया क्रॉस हिंदी सैनिकांना खुला झाला १९११मध्ये. अमृतसर आणि फिरोजपूरला त्यांच्या स्मरणार्थ गुरुद्वारे आहेत, आणि पलटणीचा वारसा आजची ४ शीख बटालियन १२ सप्टेंबरला जपते.

एक गोष्ट मिथकांच्या गर्दीत साफ झाकली गेली आहे. सारागढी पडल्यावर सगळा जोर गुलिस्तानवर वळला. तिथून हवालदार कलासिंग मूठभर शिपाई घेऊन तटाबाहेर पडले. मारा इतका होता की मधेच अडकले, तेव्हा हवालदार सुंदरसिंग आणखी काही जणांना घेऊन त्यांना जाऊन मिळाले, आणि दोघांच्या तुकड्यांनी मिळून टोळ्यांची तीन निशाणं हिसकावून आणली. कलासिंग त्या जखमांनी गेले. गुलिस्तान टिकलं. याला साक्षीदार होते, कारण बहुतेक जण परत आले, आणि तरी हे आज फार कोणाला माहीत नाही. पुढचा डायोरामा हाच करणार आहे. गुलिस्तानच्या तटाचं मोजमाप काढायला सुरुवातही केली आहे.

सध्या मात्र सारागढीत हल्लेखोर बाकी आहेत. त्यांना एकाच काळपट रंगात बुडवायचं नाही. प्रत्येकाचा अंगरखा, लुंगी पगडी, कमरेची काडतुसांची पेटी वेगळी करायची आहे, बंदुकाही मिश्र: देशी बनावटीच्या जेझैल आणि काही मार्टिनी. एवढ्या लहान प्रमाणात जेझैलचा वाकडा दस्ता (खांद्याला टेकवायचा मागचा भाग) कोणी स्वतः घडवला असेल तर कशाने, तार की प्लास्टिकची सळई, ते कळवा. माझ्या तारेच्या दस्त्यांवर प्रायमर (रंगाआधीचा अस्तर-रंग) नीट धरत नाही.