बारावा आठवडा: हात कितव्या पानावर फोनकडे जातो?

मंडळी, फोन कमी करून पुस्तकं वाचायच्या माझ्या प्रयोगाची मागची नोंद तिसऱ्या आठवड्यात लिहिली होती, त्यानंतर थेट आज. मध्ये नाशिकची थंडी आली आणि तिने माझं सगळं गणित बिघडवलं. ते सांगतेच, आधी आकडे.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात केली तेव्हा फोनमधलं ‘डिजिटल वेलबीइंग’ रोजच्या वापराची सरासरी ४ तास ४० मिनिटं दाखवत होतं. गेल्या आठवड्यात ती २ तास ३५ मिनिटांवर आली. या काळात सहा पुस्तकं पूर्ण झाली, दोन अर्धवट. म्हणजे रोजचे दोन तास वाचले, पण दोन तास वाचलं असं मात्र नाही. त्यातला बराच वेळ झोपेत गेला, थोडा टीव्हीने खाल्ला. झोपेबद्दल तक्रार नाही.

खरं सांगायचं तर तासांच्या आकड्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. मी हल्ली दुसरंच मोजते. कालनिर्णयच्या जुन्या पानाची एक लांब पट्टी कापून खूण म्हणून पुस्तकात ठेवलीय. वाचताना हात आपोआप फोनकडे गेला की पट्टीवर पेन्सिलने लिहायचं, किती पानं झाल्यावर गेला. (पुस्तकं वाचनालयाची, त्यामुळे समासात काही लिहायची सोय नाही.) पहिल्या संध्याकाळी आकडा होता ४. चार पानं! शाळेत असताना जेवणाच्या ताटावरही पुस्तक सोडत नव्हते म्हणून ओरडा खाल्लेली मी. पट्टीच्या मागे कुठल्याशा वड्यांची अर्धी कृती आहे. गूळ किती घ्यायचा ते नेमकं कापलं गेलंय.

सुरुवात ‘रणांगण’ने केली. कारण अगदी साधं, पुस्तक बारीक आहे. १९३९ सालचं, बोटीवरच्या प्रवासाचं. सवय मोडलेल्या माणसाने लहान घास घ्यावा, या मताची मी आता झाले आहे. त्याआधी उत्साहाच्या भरात एक नऊशे पानी कादंबरी आणली होती, ती उशाशी दोन आठवडे नुसती पडून होती. तिच्यावर फोन ठेवायला मात्र छान जागा झाली.

मग गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ घेतलं आणि तिथे अडकले. भाषा जुनी, वाक्यं लांबलचक. झाशी आणि ग्वाल्हेरमध्ये अंतर किती, एवढंच बघायला फोन उचलला. शंभरेक किलोमीटर, उत्तर अर्ध्या मिनिटात मिळालं. पंचवीस मिनिटांनी भानावर आले तेव्हा एक माणूस गंजलेला अडकित्ता घासून चकचकीत करत होता आणि मी ते शेवटपर्यंत पाहिलं होतं. भटजी १८५७ साली पेणजवळच्या वरसईहून निघाले ते मथुरेच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून, आणि सापडले झाशीच्या धुमश्चक्रीत. माझी गत तीच, फक्त दक्षिणाही नाही आणि पराक्रमही नाही.

यावरचा उपाय जमलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अडलेला शब्द, गाव, माणूस, जे काही असेल ते पट्टीच्या तळाशी लिहून ठेवायचं आणि वाचन संपल्यावर सगळं एकदम शोधायचं. गंमत अशी की त्यातल्या निम्म्या गोष्टी पुढच्या दोन-चार पानांत आपोआप उलगडतात आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच नंतर शोधाव्याशाही वाटत नाहीत. म्हणजे ती जिज्ञासा नव्हतीच, बोटांची खाज होती.

ॲपला टायमर लावायचा प्रयोग फसला. छोट्या व्हिडिओंना रोजची वीस मिनिटं दिली होती. ती साडेनऊलाच संपायची. पण टायमर मध्यरात्री पुन्हा शून्यावर येतो, हे माझ्या लक्षात आलं आणि तिथेच घोळ झाला. एका रात्री मी चक्क अकरा अठ्ठावन्नपासून घड्याळाकडे बघत बसले होते. बारा वाजून एक मिनिट झालं आणि नवीन वीस मिनिटं हजर. रेशनच्या रांगेत उभं राहिल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी ॲपच काढून टाकलं.

स्क्रीन काळी-पांढरी करण्याचा सल्ला इथल्या बऱ्याच जणांनी दिला होता. केली. मुलगा म्हणाला, “आई, फोन बिघडला का गं?” आठ-दहा दिवस फरक पडला, मग डोळे सरावले. संक्रांतीला नणंदेने नातवाचा बोरन्हाणाचा फोटो पाठवला. काळं झबलं, पांढऱ्या हलव्याचे दागिने. फोनला रंग नाही हे तो फोटो पाहताना लक्षातही आलं नाही.

आता थंडी. डिसेंबरच्या मध्यापासून पट्टीवरचे आकडे घसरले, १९ वरून थेट ८. आधी वाटलं मनच रमत नाही. मग एका रात्री कारण सापडलं. गोधडीत पडून फोन बघायला एक अंगठा बाहेर काढला की पुरतं. पुस्तकाला दोन्ही हात लागतात, शिवाय पान उलटताना गार वारा थेट काखेपर्यंत शिरतो. इच्छाशक्ती वगैरे सगळं ठीक, पण नाशकात जानेवारीत रात्री साडेदहाला अंगठाच जिंकतो. म्हणून वाचन दुपारी नेलं. डबा खाऊन झाल्यावर पंचवीस मिनिटं, कँटीनच्या मागच्या उन्हात. फोन टेबलाच्या खणात. आता हात सरासरी २४व्या पानावर फोन शोधतो, आणि खिशात तो नसतोच.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त कामाला आली. सावानातून, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेल्या पुस्तकाला परतीची तारीख असते. १८४० पासून चालू असलेल्या वाचनालयाचं पुस्तक उशिरा परत करायला मलाच लाज वाटते. विकत घेतलेली पुस्तकं मात्र घरी निवांत पडून आहेत, त्यांना कुणी विचारत नाही. ऐकायच्या पुस्तकांबद्दल दोघा-तिघांनी विचारलं होतं. भांडी घासताना ऐकते, आवडतं, पण ते मी मोजत नाही. पट्टी कुठे ठेवणार?

पहिली पट्टी दोन्ही बाजूंनी भरली, काल गेल्या डिसेंबरच्या पानाची नवीन कापली. पुढचं पुस्तक साडेतीनशे पानांचं आहे, बघू. रात्रीचं वाचनही सोडवत नाहीये, तेव्हा बोटं उघडी असलेले लोकरी हातमोजे नाशकात कुठे मिळतात, कुणाला ठाऊक असेल तर सांगा. मेन रोडवर दोन दुकानांत विचारलं, दोन्हीकडे क्रिकेटचे दाखवले.