औषध मोफत आहे, मग बायका मध्येच का सुटतात?

मी एचआयव्ही समुपदेशक आहे हे कळलं की लोक हमखास विचारतात : औषध सरकार फुकट देतं, त्यानं बाळ वाचतं, तरी बाळंत झाल्यावर बायका उपचार का सोडतात? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

‘सोडला’ म्हणण्याआधी ती आहे कुठे ते बघा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्यात ओटी भरून ती निघते, पण तिचं नाव असतं सासरजवळच्या एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे. माहेरी पुष्कळदा आईलाही आजार ठाऊक नसतो. गोळी रोज एकच, पण बाटली पिशवीत खुळखुळते आणि बाळंतिणीच्या खोलीत सतत कुणीतरी असतं. सव्वा महिना घराबाहेर पाऊल नाही, आणि बाळाची पहिली तपासणी नेमकी सहाव्या आठवड्यात! त्यात बाळाला रोज सिरप पाजायचं, आजी विचारणारच, ‘कसलं गं औषध हे?’

उपचाराविना आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका 15 ते 45 टक्के, नीट उपचारानं 5 टक्क्यांच्या आत. एवढा फरक या काही आठवड्यांत हातचा जाऊ शकतो.

म्हणून सातवा लागायच्या आधीच मी विचारून घेते : कुठे जाणार, तिथे कोणाला माहीत आहे, फोन कोणाच्या हातात असतो, मी फोन केला तर कोण म्हणून बोलू? माहेरजवळच्या केंद्राचा पत्ता आणि बदलीचं पत्र तिच्याजवळ हवंच. बीडकडच्या ऊसतोड बाईचं तर दिवाळीच्या सुमारास बिऱ्हाडच हलतं, तिला जास्त महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळायला हव्यात. घरी जाऊन चौकशी करायची तर तिला विचारूनच. 2017 चा एचआयव्ही कायदाही तिच्या संमतीशिवाय तिचा आजार कुणाला सांगू देत नाही, आणि गावात दारात उभी राहिलेली अनोळखी बाईसुद्धा चर्चेला पुरते.

अठराव्या महिन्यात बाळाचा अहवाल निगेटिव्ह आला की घर सुटकेचा निःश्वास टाकतं. कितीतरी जणींच्या गोळ्या तिथेच थांबतात, कारण तोवर जो तो ‘बाळासाठी घे’ म्हणत असतो. 2014 पासून आपल्या देशात गरोदर बाईला हे औषध आयुष्यभरासाठी सुरू केलं जातं, म्हणजे ते तिच्या स्वतःच्या जगण्यासाठीही आहे. माझ्या मते हे पहिल्याच भेटीत सांगायला हवं. बाळाच्या तपासणीला आलेल्या आईला मी आधी तिच्या गोळ्या विचारते, मग बाळाचं वजन.